कडुनिंबाचा लेप: आधी गुण येतो, मग त्वचा ओढते, सोलते आणि पुळ्या परत येतात. कुठे चुकतं?

ही तक्रार जवळपास दर वेळी एकाच क्रमाने येते. पहिल्या आठवड्यात तेलकटपणा उतरतो, पुळ्या बसतात, हुरूप वाढतो. दुसऱ्या आठवड्यात तोंड धुतल्यावर कातडी ताणल्यासारखी वाटते आणि नाकाच्या कडेला, हनुवटीवर कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात. "अजून पूर्ण गुण यायचाय" म्हणून लेप आता रोज लागतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लाली, चुणचुण आणि बारीक नव्या पुळ्या. लेप बंद केला की आठ-दहा दिवसांत बरं वाटतं, पुन्हा सुरू केला की गाडी त्याच वळणावर येते.

अशा वेळी पाला बदलून पाहतात, चूर्ण बदलतात, हळद वाढवतात. मूळ चूक बहुतेक वेळा दुसरीकडे असते: लेप चेहऱ्यावर पार वाळून तडकेपर्यंत ठेवला जातो. ते आधी निस्तरावं, बाकीचं नंतर.

वाळलेला लेप काय करतो

लेप ओला असतो तोवर त्वचेचा वरचा थर पाणी धरून फुगलेला, मऊ राहतो. लेप वाळायला लागला की उलटं होतं. तो आक्रसतो, वरच्या थरातलं पाणी आणि तेल शोषून घेतो आणि शेवटी धुताना खरवडून निघतो, तेव्हा सैल झालेले पापुद्रेही सोबत नेतो. एकदा झालं तर त्वचा सावरून घेते. आठवड्यातून चार-पाच वेळा झालं की वरचा संरक्षक थर विरळ होतो, मग साधं पाणीसुद्धा झोंबतं.

आयुर्वेदाच्या भाषेत सांगायचं तर कडुनिंब तिक्त-कषाय म्हणजे कडू-तुरट रसाचा, शीत वीर्याचा म्हणजे थंड गुणाचा. कफ आणि पित्त कमी करतो, म्हणून तेलकट, लालसर, पिकणाऱ्या पुळ्यांवर तो चालतो. पण तिक्त रस रूक्ष, म्हणजे कोरडा असतो आणि वात वाढवतो. कोरडेपणा हा या औषधाचा अपघाताने होणारा उपद्रव नाही, त्याचा स्वभावच आहे. वापरताना तो धरूनच चालावं लागतं.

जुन्या ग्रंथांत याची काळजी घेतलेली आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अठरावा अध्याय लेप आणि बंध (पट्ट्या बांधणं) यांचा. त्यात लेप वाळत असताना तसाच ठेवू नये असं स्पष्ट आहे, अपवाद फक्त गळू पिळून काढण्यासाठी लावलेल्या लेपाचा, कारण तिथे आक्रसणंच हवं असतं. शिळा लेप लावू नये, एका लेपावर दुसरा थापू नये, रात्री लेप लावू नये, हेही तिथेच. लेपाची जाडी सांगताना म्हशीच्या ओल्या कातड्याएवढी असं माप दिलं आहे. अष्टांगहृदयात मुखलेपाची जाडी पाव अंगुल, एक तृतीयांश अंगुल आणि अर्धा अंगुल अशी तीन प्रकारची आहे. अंगुल म्हणजे बोटाची रुंदी, ती पावणेदोन-दोन सेंटिमीटर धरली तर पाव अंगुल म्हणजे साधारण पाच मिलिमीटर.

आता आपण काय करतो ते पाहा. वाटीत चमचाभर चूर्ण, थोडं पाणी, आणि तेवढ्यात कपाळापासून गळ्यापर्यंत सगळं सारवून काढतो. थर जेमतेम अर्धा मिलिमीटर. पंख्याखाली तो पाच-सात मिनिटांत कडक होतो. कृती जुनी म्हणायची, पण तिचा जाड थर आणि ओलावा दोन्ही गळून पडलेले.

म्हणून पहिला बदल: सगळ्या चेहऱ्यावर पातळ थर देण्याऐवजी जिथे गरज आहे तिथेच जाड थर द्या. कपाळ, नाक आणि हनुवटी एवढ्या भागाला तीन मिलिमीटर जाडीसाठी सुमारे 30 मिली, म्हणजे दोन मोठे चमचे लेप लागतो. गालांवर पुळ्या नसतील तर गाल सोडून द्या. डोळ्यांभोवती बोटभर जागा आणि ओठांच्या कडा नेहमीच सोडायच्या.

वेळ 8 ते 10 मिनिटं. पण घड्याळापेक्षा कडा बघा. लेप सर्वांत आधी नाकपुडीच्या बाजूला आणि जबड्याच्या कडेला वाळतो. ओला लेप गडद हिरवा दिसतो, वाळायला लागला की तिथला रंग फिका, राखाडी होतो. तो फिका पट्टा दिसला की वेळ संपली, मग पाचच मिनिटं झालेली असोत. कोरड्या हवेत किंवा वातानुकूलित खोलीत पाच मिनिटंही टिकत नाही. तेव्हा मलमलीचा एकेरी ओला तुकडा लेपावर पसरवून ठेवावा. दहा मिनिटं सहज निघतात. लेप असताना बोलू नये, असं अष्टांगहृदयात सांगितलं आहे. ते आजही पाळावं: बोललं-हसलं की तोंडाभोवतीचा थर तडकतो आणि नेमका तिथेच आधी वाळतो.

काढायची पद्धतही चुकते. ओरबाडून, स्क्रबसारखा चोळून लेप काढू नये. हाताने पाणी थापून तो पूर्ण ओला करायचा, एक मिनिट थांबायचं, मग तळव्याने सरकवून धुऊन टाकायचा. त्यानंतर साबण नाही, फेसवॉश नाही. रुमालाने टिपून घ्यायचं आणि त्वचा दमट असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं. लेप ओला करून काढावा आणि मग तेल लावावं, हा जुन्या पद्धतीतला क्रम अगदी हाच आहे. तेलकट त्वचेची माणसं नेमकी ही शेवटची पायरी टाळतात आणि तिसऱ्या आठवड्यात तक्रार घेऊन येतात.

मिश्रणात काय बिघडतं

चालणारं प्रमाण असं: वस्त्रगाळ कडुनिंबाचं चूर्ण 1 लहान चमचा, जवाचं किंवा ओटचं वस्त्रगाळ पीठ 2 लहान चमचे, आणि कोमट पाणी 4 ते 5 लहान चमचे, हळूहळू घालत. पाच मिनिटं भिजू द्या, चूर्ण पाणी पितं आणि लेप घट्ट होतो, मग लागेल तसं पाणी पुन्हा घाला. चमचा उलटा केल्यावर लेप गोळ्याने न पडता जाडसर धारेने उतरला पाहिजे. त्वचा मध्यम पण थोडी कोरडेपणाकडे झुकणारी असेल तर पाव चमचा साजूक तूप. तेलकट, पिकणाऱ्या पुळ्या असतील तर तूप नको.

पाण्याऐवजी कोरफडीचा गर चालतो. फक्त पान कापल्यावर ते दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवून पिवळा चीक गळू द्यावा आणि सालीलगतचा भागही खरवडून घेऊ नये. कितीतरी जणांना "कडुनिंबाची ॲलर्जी" वाटते ती खरं तर या पिवळ्या चिकाची खाज असते.

आता नको ते. मुलतानी माती शोषक आहे. कडुनिंब स्वतः कोरडा, त्यात ती मिळाली की लेप निम्म्या वेळात वाळतो. फार तेलकट त्वचेलाही पिठाच्या जागी निम्म्यापेक्षा जास्त माती घालू नये. लिंबाचा रस तर अजिबात नको. त्याचा सामू (pH) 2 ते 2.5 च्या आसपास, त्वचेचा साधारण 4.5 ते 5.5. आधीच सोलवटलेल्या कातडीवर तो झोंबतो, आणि लिंबू लागलेल्या जागेवर ऊन पडलं तर काळे डाग किंवा फोडही येतात. खाण्याचा सोडा उलट बाजूने तेवढाच वाईट, त्याचा सामू 8 च्या वर. हळद घालायचीच तर चिमूटभर. जास्त हळदीने गुण वाढत नाही, पिवळेपणा मात्र दोन दिवस राहतो आणि काहींना तिचीच ॲलर्जी असते.

कडुनिंबाचा साबण हा वेगळाच घोळ आहे. नेहमीच्या पद्धतीने बनलेला कोणताही साबण, त्यात कितीही पाला असो, सामू 9 ते 10 चा असतो. दिवसातून दोनदा तो साबण, वर आठवड्यातून चारदा लेप, म्हणजे कोरडेपणा दुप्पट. दोन्हीपैकी एकच ठेवा.

त्याचप्रमाणे मुरमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड, ॲडापालिन, ट्रेटिनॉइन किंवा सॅलिसिलिक ॲसिड चालू असेल तर लेपाची गरज बहुधा नसतेच. लावायचाच असेल तर औषध न लावण्याच्या दिवशी, तेही त्वचा सोलत नसेल तरच.

किती वेळा

तेलकट त्वचेला आठवड्यातून दोनदा. मध्यम त्वचेला एकदा. कोरड्या त्वचेला मुळात लेप नको, पुढे दिलेला काढा पुरतो. रोजचा लेप कुणालाच नको.

गुण किती दिवसांत दिसावा याचीही समजूत चुकीची असते. आज दिसणारी पुळी कित्येक आठवड्यांपूर्वी रंध्रात तयार व्हायला लागलेली असते. त्यामुळे दहाव्या दिवशी आलेली नवी पुळी म्हणजे लेप निकामी, असं नाही. मोजायचं तर सहा ते आठ आठवड्यांनी. आठ आठवड्यांत मोजता येईल एवढा फरक नसेल तर तो उपाय त्या तक्रारीचा नाही असं समजून थांबावं. पुळ्या मोजाव्यात, अंदाजाने ठरवू नये: दर रविवारी त्याच उजेडात, त्याच कोनातून एक फोटो.

आधीच त्वचा बिघडली असेल तर

लेप अर्ध्यावर आणून चालत नाही. 10 ते 14 दिवस पूर्ण बंद. या काळात रात्री एकदा सौम्य, बिनसाबणी क्लेंझर, सकाळी नुसतं पाणी, दिवसातून दोन-तीनदा मॉइश्चरायझर, बाहेर पडताना सनस्क्रीन. बाकी काही नाही, "थोडी कोरफड" पण नाही. पाण्याने चुणचुण थांबली आणि पापुद्रे गेले, की आणखी चार दिवस थांबून मग आठवड्यातून एकदा, पाच मिनिटांपासून सुरुवात.

घरी शतधौत घृत करणारे या टप्प्यावर मॉइश्चरायझरच्या जागी ते वापरतात आणि कोरड्या, ओढलेल्या त्वचेला ते छान लागतं. तूप पाण्याने फेटून पाणी टाकायचं, असं शंभर वेळा. नीट झालेलं घृत पांढरं, लोण्यापेक्षा हलकं आणि तुपाचा वास जवळजवळ गेलेलं असतं. यात बिघडतं ते शेवटी: पाणी पूर्ण काढलं जात नाही. आत राहिलेल्या पाण्याने काही दिवसांत आंबूस वास आणि बुरशी येते. म्हणून शेवटच्या फेरीनंतर ते तिरप्या ताटात दाबून, निथळून घ्यायचं, थोडंच करायचं आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. पुळ्यांवर मात्र ते लावू नका.

सगळं नीट करूनही पुळ्या परत येतात

इथे प्रश्न विचारायला हवा: त्या मुरमाच्याच पुळ्या आहेत का?

कपाळावर, केसांच्या रेषेलगत, छातीवर, पाठीवर एकसारख्या आकाराच्या, खूप खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील, काळ्या-पांढऱ्या टोकाचे मुरूम त्यात नसतील, आणि घाम आला की वाढत असतील, तर ते मलासेझिया नावाच्या यीस्टमुळे (एक सूक्ष्म बुरशी) झालेलं केसांच्या मुळांचं दुखणं असू शकतं. हे यीस्ट सगळ्यांच्या त्वचेवर असतं आणि चरबीतल्या आम्लांवर जगतं. अशा त्वचेला कडुनिंबाचं तेल, खोबरेल, तूप असं काहीही चोळलं की त्याला खाऊच मिळतो. "तेल लावलं की दोन दिवसांत उसळतं" ही तक्रार असेल तर आधी तेल बंद करा आणि डॉक्टरांकडून बुरशीविरोधी औषध घ्या.

जबड्याच्या रेषेवर, हनुवटीखाली, दर महिन्याला पाळीच्या आधी येणाऱ्या खोल, दुखऱ्या गाठी संप्रेरकांशी जोडलेल्या असतात. लेप तिथवर पोचतच नाही. पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर केस वाढत असतील, तर तपासणी करून घ्यावी. आणि गालांवरचे वांग किंवा मुरूम गेल्यावर राहिलेले काळे डाग यांना कडुनिंब लावून खाज उठवली तर डाग गडद होतात. डागांवर सगळ्यांत जास्त काम सनस्क्रीन करतं.

तेलाच्या तक्रारी

निंबोळीचं तेल थंडीत दाटतं, कधी तळाशी पांढरट साका बसतो. ते खराब झालेलं नसतं. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं ठेवायची, थेट आचेवर नाही. लसणासारखा उग्र वास हा त्यातल्या गंधकयुक्त संयुगांचा. वास अजिबात नसलेलं "शुद्ध कडुनिंब तेल" म्हणजे एकतर भरपूर प्रक्रिया केलेलं किंवा भरपूर पातळ केलेलं.

तेल कधीही नुसतं लावू नये. चेहऱ्यासाठी 2 टक्के: 25 मिली हलक्या तेलात अर्धा मिली, म्हणजे साधारण 10 थेंब. अंगासाठी, डोक्यासाठी 5 टक्के: 100 मिली खोबरेलात 5 मिली, म्हणजे एक लहान चमचा. अर्धं-अर्धं केलेल्या तेलाने लाल चट्टे उठतात आणि दोष कडुनिंबाला लागतो. मुरूम पिकणाऱ्या चेहऱ्याला तेल नकोच, त्यात ओलेइक आम्ल भरपूर असतं आणि रंध्रं चोंदतात.

पिकांवर फवारायचं निंबोळी तेल त्वचेवर लावणं ही चूक वारंवार होते, कारण ते सहज मिळतं. फवारणीच्या तेलात पाण्यात मिसळावं म्हणून इतर रसायनं घातलेली असतात. बाटलीवर पीपीएम, अझाडिराक्टिन, फवारणी यांपैकी एक शब्द दिसला तरी ती बाटली शेतासाठीच.

काढा: पाणी हिरवं होतं पण गुण येत नाही

अनेकजण अर्धा तास खळखळा उकळतात, "सगळा अर्क उतरू दे" म्हणून. कडुनिंबातली बरीच कडू द्रव्यं पाण्यात फारशी विरघळतच नाहीत. 1942 साली रसायनशास्त्रज्ञ सलीमुझ्झमान सिद्दीकी यांनी निंबोळी तेलातून निंबिन, निंबिनिन आणि निंबिडिन ही कडू द्रव्यं वेगळी केली ती पाणी उकळून नव्हे, निरनिराळे सॉल्व्हंट (विरघळवणारे द्रव) वापरून. जास्त उकळल्याने काढा फक्त गडद आणि तुरट होतो, आणि त्वचेला आणखी ओढतो.

50 ग्रॅम ताजा पाला, 1 लिटर पाणी. पाणी उकळलं की पाला घालायचा, आच मंद, झाकण ठेवून दहा मिनिटं. गॅस बंद करून झाकलेलं थंड होऊ द्यायचं, दुहेरी फडक्यातून गाळायचं. लोखंडी कढई टाळावी: पाल्यातल्या तुरट द्रव्यांचा लोहाशी संयोग होऊन पाणी काळसर होतं. स्टील बरं. या पाण्याने शेवटचं धुणं, दोन मिनिटं, मग साध्या पाण्याने एकदा. अंघोळीच्या बादलीत हा एक लिटर पुरतो, मूठमूठ पाला टाकायची गरज नाही.

काढा त्याच दिवशी संपवायचा, फ्रीजमध्ये फार तर दोन दिवस. कडू आहे म्हणून त्यात जंतू वाढत नाहीत ही गैरसमजूत. आठवडाभराच्या बाटलीत तंतू तरंगताना दिसतात, आणि तेच पाणी स्प्रेमधून पुळ्यांवर मारलं जातं. वाटलेल्या लेपाचंही तेच, शिळा लेप काळपट पडतो, आंबतो. फ्रीजमधून काढून पुन्हा लावू नये.

पाला आणि चूर्ण

आधी झाड बरोबर आहे का ते पाहा. कडुनिंबाचं पान एकदाच पिसासारखं विभागलेलं असतं: एक मधली काडी, दोन्ही बाजूंना दातेरी, किंचित वाकड्या पर्णिका, ज्यांचा तळ दोन बाजूंना सारखा नसतो. बकाण निंबाचं पान दोनदा-तीनदा विभागलेलं, म्हणजे काडीला पुन्हा काड्या. त्याची फळं गोल, पिवळी, झुबक्याने फांदीवर बराच काळ राहतात, आणि ती विषारी असतात. निंबोळी लांबट, ऑलिव्हच्या आकाराची. गोडनिंब म्हणजे कढीपत्ता, त्याचा इथे संबंध नाही.

पाला रस्त्याकडेच्या झाडाचा असेल तर तीन पाण्यांनी धुवा, पहिलं पाणी बघितलंत तर कारण विचारणार नाही. सावलीत, एकाच थरात वाळवा. उन्हात तो तपकिरी होतो. वाळलेली पर्णिका चुरताना कडकन मोडली पाहिजे. वाकली तर आत ओल आहे, आणि असं चूर्ण डब्यात गोळे धरतं. गोळे धरलेलं, कुबट वासाचं चूर्ण चाळून वापरायचं नसतं, टाकायचं असतं.

चूर्ण मिक्सरमधून काढून थेट लावणं ही आणखी एक चूक. देठांचे आणि शिरांचे कण टोकदार राहतात आणि लेप काढताना ओरखडे उठतात, त्यात मग पुळ्यांचा संसर्ग पसरतो. सुती फडक्यातून झटकून गाळलेलं, म्हणजे खरोखर वस्त्रगाळ चूर्ण घ्यावं. चिमूट दोन बोटांत कानाशी धरून चोळा. करकर ऐकू आली तर पुन्हा गाळा.

ॲलर्जी की कोरडेपणा

कोरडेपणा हळूहळू येतो, जिथे लेप जास्त वेळा वाळला तिथे असतो आणि ओढल्यासारखा वाटतो. ॲलर्जी खाजते, सुजते, कधी पाणी भरलेले फोड आणते, लेपाच्या हद्दीबाहेरही पसरते. ती लावल्यावर 24 ते 72 तासांनी उठू शकते, त्यामुळे "रात्री कोपरावर लावून पाहिलं, सकाळी काही नव्हतं" ही चाचणी अपुरी आहे. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत, रोज एकदा, दहा मिनिटं, सात दिवस लावून पाहा. खाज किंवा लाली आली तर चेहऱ्यावर नाही.

खरूज आणि नायटा

खरजेवर कडुनिंब आणि हळदीच्या लेपाचा एक प्राथमिक अभ्यास 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. 814 जणांना लेप दिला, 97 टक्के 3 ते 15 दिवसांत बरे झाल्याची नोंद आहे. पण घरी खरूज परत येते ती लेप कमी पडला म्हणून नव्हे, तर उपचार एकट्यानेच केले म्हणून. घरातल्या सगळ्यांवर, खाज असो-नसो, एकाच दिवशी उपचार व्हायला हवेत. अंथरूण, टॉवेल, कपडे गरम पाण्यात धुवायचे, धुता येत नाहीत ते पिशवीत बांधून किमान तीन दिवस ठेवायचे, कारण खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. किडे मेल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहते. ती खाज म्हणजे खरूज उरली आहे असं समजून लेप चालू ठेवला की त्वचा वाळून नवीन खाज सुरू होते. आजकाल डॉक्टर यावर परमेथ्रिन नावाचं मलम देतात.

नायट्यावर कडुनिंब लावून पंधरा दिवस घालवू नयेत. त्याहून वाईट म्हणजे दुकानातून आणलेलं, स्टेरॉइड मिसळलेलं मलम. लाली दोन दिवसांत जाते, बुरशी आत पसरत राहते, मलम थांबलं की दुप्पट चकत्या. नळीवर क्लोबेटासोल किंवा बेक्लोमेथासोन लिहिलेलं असेल तर ती नळी घेऊनच डॉक्टरांकडे जा, काय लावत होतो ते त्यांना कळायला हवं.

पोटात घेण्याबद्दल

"लेपाने जात नाही म्हणून रस पितोय" हे पुष्कळ जण सांगतात. कडुनिंबाचं तेल पोटात घेऊ नये. लहान बाळांना थोडंसं तेल पाजल्यावर उलट्या, झटके, यकृत बिघाड आणि मृत्यूच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. गरोदर असताना किंवा दिवस राहावेत असा प्रयत्न चालू असताना रस, काढा, गोळ्या कशाच्याच वाटेला जाऊ नये. मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी तर नाहीच, साखर खाली जाऊ शकते. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना लेपही नको, त्यांची त्वचा पातळ असते आणि ती बोटं तोंडात घालतात.